चांदमारी, मुक्काम भिलाई

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया सोडते आणि डब्यातली मराठी हळूहळू विरळ होऊ लागते. दरेकसाच्या जंगलातला बोगदा मागे पडतो. डोंगरगडला बम्लेश्वरीची टेकडी दिसली की म्हाताऱ्या बायका बसल्या जागेवरूनच हात जोडतात. राजनांदगाव जाते, शिवनाथ नदीचा पूल धडधडतो आणि दुर्ग येते. नागपूरपासून हा प्रवास चार तासांच्या आत-बाहेरचा. तसा हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज इकडे उतरली, पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला बसून कारभार केला, आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले तेव्हा छत्तीसगडही त्याबरोबरच गेले.

दुर्ग आणि भिलाई ही जुळी शहरे. दुर्ग जुने, बाजारपेठेचे, कचेऱ्यांचे. भिलाई मात्र एका कराराने जन्माला आले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारताने सोव्हिएत रशियाशी पोलाद कारखान्याचा करार केला आणि अवघ्या चार वर्षांत, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशातल्या बहुतेक रेल्वे रुळांचे माहेर हेच. विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी जे पोलाद लागले, त्यातलाही एक वाटा इथला. कारखान्याभोवती आखलेली वसाहत अशी की पत्ता सांगताना गल्ली-बोळ नाहीतच, नुसते सेक्टर आणि रस्त्यांचे आकडे. झाडे भरपूर, क्वार्टर बैठे, संध्याकाळी मैत्रीबागेत पांढरे वाघ पाहायला आलेली कुटुंबे. याच परिसरातल्या गनियारीच्या तीजनबाई हातातल्या तंबोऱ्याची कधी अर्जुनाचे धनुष्य, तर कधी भीमाची गदा करून पंडवानी गायल्या आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण झाल्या. भिलाईबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथवर येऊन थांबतात. कारखाना, बाग, पंडवानी. संपले भिलाई!

पण लोखंड जिथे असते तिथे पहाराही असतो, आणि भिलाईचा तो चेहरा प्रवाशाला सहसा दिसत नाही.

कारखान्याच्या फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, म्हणजे सीआयएसएफचा जवान उभा असतो. १० मार्च १९६९ रोजी हे दल उभे राहिले तेव्हा ते सरकारी कारखान्यांची राखण करणारे तीन तुकड्यांचे छोटेसे दल होते. आज त्यात दीड लाखाहून जास्त माणसे आहेत. विमानतळावर आपली बॅग तपासणारी गणवेशातली मुलगी बहुधा याच दलाची असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर केवळ महिलांची एक स्वतंत्र तुकडी उभारायलाही केंद्राने मंजुरी दिली. या दलाचे एक प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र दुर्ग-भिलाईच्या दक्षिणेला उतई इथे आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून पोरे येतात, महिनोन्महिने राहतात आणि दीक्षान्त संचलन झाले की टोप्या उंचावून नव्या ठाण्यांवर निघून जातात. संचलनाच्या दिवशी आईबाप येतात, फोटो निघतात, दुर्ग स्टेशनावर गर्दी होते. वर्तमानपत्रात येते ते एवढेच.

या पोरांना शिकवलेले कधी उपयोगी पडते का, असे कुणी विचारील. ९ फेब्रुवारी २००६ ची रात्र त्याचे उत्तर देते. दंतेवाड्याच्या बैलाडिला डोंगरात हिरोली इथल्या खाणीच्या स्फोटक भांडारावर नक्षलवाद्यांनी हल्ला केला. सीआयएसएफचे आठ जवान ठार झाले आणि काही टन स्फोटके लुटली गेली. कारखान्याचा पहारेकरी म्हणून भरती झालेल्या माणसांवर ऐन रात्री युद्धच येऊन आदळले. त्यानंतर २००९ पासून बस्तरात सीमा सुरक्षा दल आले आणि त्यांचे या भागाचे मुख्यालयही भिलाईतच थाटले गेले. भिलाईच्या भट्ट्यांना खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणी संपत आल्या, म्हणून पलीकडे रावघाटपर्यंत रूळ टाकायचे ठरले. तो रेल्वेमार्ग बंदुकांच्या पहाऱ्यातच पुढे सरकला. गेल्या काही वर्षांत नक्षलवादाचा जोर पुष्कळ ओसरला आहे, पण ज्या घरातला मुलगा त्या काळात तिकडे होता, त्या घराला रात्रीचा फोन आजही दचकवतो.

आणि हेही सांगायला हवे की भिलाईने गोळीचा आवाज फक्त सरावाच्या मैदानावरून ऐकलेला नाही. कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच, रात्री झोपेत, गोळी घालून हत्या झाली. पुढच्याच वर्षी १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस स्टेशनावर रूळ अडवून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. डझनाहून अधिक कामगार त्यात मेले. ज्या शहराने देशाला रूळ दिले, त्या शहरात रुळांवरच हे घडले. बंदूक शिकवण्याची गोष्ट इथे सांगायची तर या दोन तारखा वगळून सांगता येत नाही.

चंद्रावर नेम

गोळीबाराच्या सरावाच्या जागेला आपल्याकडे जुना, गोड शब्द आहे: चांदमारी. चांद म्हणजे निशाणाच्या फळीवरचे गोल चांदवे. त्याला मारायचे ती चांदमारी. इंग्रजांच्या छावण्या जिथे जिथे पडल्या तिथे गावाबाहेर एक चांदमारी आलीच. पुढे छावणी हलली, मैदानावर घरे उठली आणि नाव तेवढे उरले. नागपुरात चांदमारी आहे, गुवाहाटीत आहे, बिहारमध्ये मोतीहारीत आहे. तिथे राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की आपल्या बैठकीच्या खोलीच्या जागी एकेकाळी मातीचा बांध होता आणि त्यात शिशाच्या गोळ्या रुतत होत्या!

छत्तीसगडात जमिनीचे प्रकार शेतकरी बोटांवर सांगतो: कन्हार, डोरसा, मटासी आणि शेवटची भाठा. कन्हार काळी आणि भारी, मटासी पिवळसर, भाताची. भाठा म्हणजे लाल मुरमाड माळ, पाऊस पडला तरी पाणी न धरणारा. सरकारला काही उभारायचे झाले की नजर आधी भाठ्यावर जाते. पीक नाही, भरपाई कमी, विरोधही कमी. भिलाईच्या आयआयटीला २०१६ नंतर कायमची जागा मिळाली ती कुटेलाभाठ्याला. नावातच भाठा आहे. चांदमारीलाही असाच माळ लागतो. पण कागदावर 'पडीक' लिहिलेली जमीन गावाच्या हिशोबात पडीक नसते. गुरे तिथेच चरतात, सरपण तिथूनच येते, पलीकडच्या गावाची पायवाट तिथूनच जाते. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

पट्ट्याची बंदूक

रंगरुटाच्या हाती पहिल्यांदा येते ती रायफल. मशीनगन पुढे, आणि तीही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. आपल्या फौजांत हलकी मशीनगन, म्हणजे जवानाच्या तोंडची 'एलएमजी', अनेक वर्षे पट्ट्याची नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धातली ब्रेन गन काय किंवा नंतरची देशी इन्सास एलएमजी काय, दोन्हींना वरून किंवा खालून काडतुसांची पेटी लागते. तीस गोळ्या संपल्या की पेटी बदला. (ब्रेन हे नावही मजेशीर आहे. मूळ बंदूक चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो गावची, इंग्लंडमध्ये बनली एन्फिल्डला. 'ब्र' आणि 'एन' जोडून ब्रेन.) पट्ट्याची बंदूक होती ती जड, मध्यम मशीनगन, बेल्जियन घराण्याची मॅग. मार्च २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने इस्रायलकडून १६,४७९ नेगेव्ह मशीनगन घेण्याचा सुमारे ८८० कोटी रुपयांचा करार केला, आणि आठेक किलोची, एकट्याने खांद्यावर वाहता येणारी पट्ट्याची हलकी मशीनगन भारतीय जवानाच्या हाती आली.

पट्टा म्हणजे तरी काय? चामड्याचा किंवा कापडाचा नव्हे. प्रत्येक काडतूस हेच शेजारच्या दोन पत्र्याच्या कड्यांना जोडणारी खीळ असते. बंदुकीच्या आतला बोल्ट पुढे झेपावतो, काडतूस कडीतून पुढे ढकलतो, गोळी सुटते. त्या स्फोटाचाच थोडा वायू नळीतल्या भोकातून मागे वळतो आणि बोल्टला पुन्हा मागे रेटतो. एका बाजूने रिकामे पितळी खोके उडते, दुसरीकडून सुटी झालेली कडी गळून पडते, पट्टा एक घर पुढे सरकतो. शिवणयंत्र चालताना कापड जसे एकेक टाका पुढे सरकते, तसे. मिनिटाला सहाशे ते साडेसातशे टाके! ही स्वतःच्या धक्क्यावर चालणारी कल्पना हायरम मॅक्झिम या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये १८८४ च्या सुमारास यंत्रात उतरवली. आयुष्यभर आपल्याच बंदुकांच्या आवाजात राहून तो म्हातारपणी ठार बहिरा झाला. त्याच्या मुलाने पुढे बंदुकीचा आवाज दाबणारे उपकरण शोधून काढले, हा नशिबाचा विनोदच म्हणायचा.

आता अशा बंदुकीच्या सरावाचा दिवस कसा असतो ते पाहू. दल कुठलेही असो, रीत थोड्याफार फरकाने तीच.

पहाटे लाल बावटा चढतो. चांदमारीच्या टोकांवर पहारे बसतात, रुग्णवाहिका येऊन उभी राहते, दारूगोळ्याच्या पेट्या मोजून उघडल्या जातात. निशाणाच्या बाजूला खड्ड्यात बसणारी टोळी टेलिफोन किंवा वायरलेसवर 'सब ठीक' सांगत नाही तोवर कुणी बंदुकीला हात लावत नाही. शिकवणारा हवालदार असला तरी त्याला सगळे 'उस्ताद' म्हणतात. हुकूम हिंदीत. मराठी पोरगा असो, मल्याळी असो की नागा, दोन आठवड्यांत त्याच्या तोंडी 'शिस्त' हा शब्द आपल्या घरच्या अर्थाने उरत नाही. तिथे शिस्त घेणे म्हणजे नेम धरणे.

या बंदुकीवर माणसे दोन. नंबर एक दस्ता खांद्याला लावून पालथा पडतो. नंबर दोन त्याच्या डाव्या हाताला. झाकण उघडायचे, पट्ट्याचे पहिले काडतूस खोबणीत बसवायचे, झाकण थापटून बंद करायचे, बोल्ट मागे ओढायचा. इथे नवशिक्याला वाटते की खरा मान नंबर एकचा. उस्तादाला विचाराल तर तो नंबर दोनकडे बोट दाखवील. पट्टा तिरपा आत गेला की बंदूक अडते. गवताची काडी, चिमूटभर मुरूम पट्ट्याबरोबर आत गेला की अडते. नंबर दोनचा तळहात हा पट्ट्याखालचा पाट असतो. त्यावरून काडतुसे सरळ, न पिळता सरकली पाहिजेत. शिवाय गोळ्या कुठे पडताहेत हे बघून सांगायचेही त्यानेच, कारण धुरळ्यात आणि हादऱ्यात नंबर एकला स्वतःचे निशाण धड दिसत नाही.

मग हुकूम येतो आणि नवशिक्याचे एक बोट सगळी परीक्षा घेते. चाप दाबला की बंदूक आपणहून बोलत राहते. दोन सेकंद बोट अडकले तर वीस-पंचवीस गोळ्या गेल्या. त्यातल्या पहिल्या दोन-तीन फळीवर, बाकीच्या हादऱ्याने वर चढत बांधाच्या माथ्याकडे. म्हणून शिकवतात ते बोट उचलायला. तीन ते पाच गोळ्या, सोडा. श्वास. पुन्हा शिस्त. पुन्हा तीन ते पाच. काही उस्ताद मनात एखादा छोटासा शब्द म्हणायला लावतात, तो संपला की बोट वर. पाहायला अगदी सोपे, पण आयुष्यात पहिल्यांदा असा गडगडाट खांद्याशी लागला की बोट गोठते. जोरदार, धिप्पाड पोरांचे जास्त गोठते म्हणतात. ही ताकदीची बंदूक नव्हेच.

नळी तापते हा दुसरा धडा. दोनेकशे गोळ्या भराभर गेल्या की नळीला हात लावायची सोय नाही. नंबर दोनने मुठीला धरून ती काढायची, दुसरी बसवायची, काही सेकंदांत. तापलेल्या नळीत काडतूस तसेच राहिले तर चाप न दाबताही ते पेटू शकते. म्हणून या जातीच्या बंदुकीत चाप सोडल्यावर बोल्ट मागेच थांबतो, नळीचे घर रिकामे राहते आणि वारा खेळतो. भिलाईत तापल्या लोखंडाचे रंग पाहत वाढलेल्या पोराला हे समजावून सांगावे लागत नाही. लोखंड काळे दिसले म्हणून गार झालेले नसते, हे इथे घराघरात ठाऊक असते.

दुपारी गोळीबार थांबतो तेव्हा काम संपत नाही. गवतातून खोके वेचायचे. जितक्या गोळ्या दिल्या तितकी खोकी किंवा न उडालेली काडतुसे परत आली पाहिजेत. एक जरी कमी पडले तरी पुरी टोळी रांगेत वाकून गवत चाळते, उन्हात, तासभर लागला तरी. मग एकेकाने खिसे उलटून सांगायचे की आपल्याजवळ गोळी नाही, खोके नाही. संध्याकाळी नळीत दोरी ओढून चिंदीने सफाई. चिंदी काळी निघते तोवर ओढत राहायचे, आणि उस्तादाला ती नेहमी काळीच दिसते.

घरी सुट्टीवर आलेला जुना उस्ताद टीव्हीचा आवाज मोठा ठेवतो अशी बायकोची तक्रार असते. ती हसण्यावारी नेऊ नये. कानाशी होणारा हा आवाज कानाच्या आतल्या नाजूक तंतूंना कायमचे मारतो, आणि गेलेले ऐकू येणे परत येत नाही. कानात बोळे घालण्याला पूर्वी भित्रेपणा समजत. आता घालायलाच लावतात, हे बरे झाले.

बांधाच्या पलीकडे

या बंदुकीची ७.६२ मिलिमीटरची गोळी सेकंदाला आठशे मीटरहून अधिक वेगाने निघते. नेम आठशे मीटरवर धरलेला असला, तरी बांध चुकवून वर गेली तर ती तीन-साडेतीन किलोमीटर जाऊ शकते. उतईच्या आसपास काय किंवा देशात कुठेही काय, तीन किलोमीटरच्या आत गाव नाही असा माळ आता कुठे शोधायचा?

३० डिसेंबर २०२१ रोजी तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या नार्थामलैजवळ पोलिसांच्या चांदमारीवर सीआयएसएफच्या जवानांचा सराव चालू होता. सुमारे दोन किलोमीटरवर आजोबांच्या घरी आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात गोळी शिरली. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात तो गेला. तिथे मशीनगन नव्हे, एकेक गोळी झाडणाऱ्या रायफलींचा सराव होता, हे लक्षात घेतले की पट्ट्याच्या बंदुकीवर बोट उचलायला इतके दिवस का घालवतात ते कळते. त्या चांदमारीला टाळे लागले. पण टाळे लागण्याआधी गावकऱ्यांचे म्हणणे ऐकायची वेळ कुणावर येत नाही, ही खरी खोट आहे.

कायद्यात तशी तरतूद आहे. मोठ्या मैदानी गोळीबारासाठी १९३८ चा कायदा आजही लागू आहे. त्यानुसार गावांना आधी सूचना द्यावी लागते, तारखा कळवाव्या लागतात, नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते. पण सूचना चिकटते ती कचेरीच्या फलकावर, आणि गुराखी फलक वाचायला जात नाही. छत्तीसगडला लागून असलेल्या झारखंडातल्या नेतरहाटला तोफांच्या सरावासाठी शेकडो गावांचा पट्टा राखीव करायचे ठरले तेव्हा आदिवासींनी, त्यात बायका पुढे, मार्च १९९४ मध्ये लष्कराच्या गाड्या रस्त्यातच थोपवल्या. पुढे जवळजवळ तीन दशके दरवर्षी ते तिथे जमत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने मुदत वाढवून न देण्याचे ठरवले. आपल्याकडे नगरच्या के. के. रेंजभोवतीच्या राहुरी-पारनेरच्या गावांनाही ही धास्ती नवी नाही. सैन्याने सराव करायचाच नाही असे यांपैकी कुणी म्हणत नाही. राहुरीच्या घराघरांतली पोरे तर स्वतःच फौजेत आहेत. एकाच घरातला एक मुलगा चाप धरून शिकतो आणि दुसरा बांधापलीकडे म्हशी वळतो, अशी ही परिस्थिती आहे.

म्हणून नव्या चांदमाऱ्यांत वरून आडवे काँक्रीटचे पडदे, बाजूंना उंच भिंती, काही ठिकाणी पूर्ण बंदिस्त बोगदे बांधतात. पडद्यावर चित्र दाखवून, गोळीविना सराव देणारी यंत्रेही आली आहेत. खर्च मोठा आहे, पण गाव हलवण्यापेक्षा कमीच.

भिलाईला जायचे तर नागपूरहून हावडा मार्गावरची जवळजवळ प्रत्येक गाडी चालते. दुर्गला उतरावे, तिथून भिलाई हाकेच्या अंतरावर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली. मे महिन्यात मात्र भट्टी आत की बाहेर ते कळत नाही. मैत्रीबाग मुलांना दाखवावी, जमल्यास दल्ली-राजहराचे लाल डोंगर पाहावेत. उतईचे केंद्र पाहुण्यांसाठी उघडे नसते. पण कोरड्या दिवसांत त्या बाजूच्या रस्त्याने जाताना लांबून तो आवाज कधी कानी पडलाच, तर रिक्षा थांबवून जरा ऐकावा. तीन-चार ठोके, मग गप्प. पुन्हा तीन-चार ठोके. ठोके लांबले, थांबेचनात, तर समजावे की आज कुणाचा तरी पहिला दिवस आहे आणि उस्ताद त्याच्या पाठीवर हात ठेवून ओरडतो आहे.